चौपट

एलिसेओ, चौपट म्हणजे इथे सत्यानाश नव्हे.
चौपट म्हणजे चारचा वेग, त्याहून एक काडीही जास्त नको.
नवा ड्राइव्ह अठ्ठेचाळीसच्या फुशारक्या मारतो, मारू दे.
घाईत लेझरचा चटका उथळ बसतो
आणि आपल्या राखाडी मशीनचा म्हातारा डोळा
उथळ अक्षर वाचत नाही.

हे मला तेवीस तबकड्या वाया गेल्यावर कळलं.
त्यातल्या आठ मिलारायने टोमॅटोवर टांगल्या,
पाखरं बिचकतात म्हणे.
वालपराइसोची पाखरं कशाला बिचकतील?
सीगल येतात, त्यात तोंड बघतात,
टोमॅटो घेऊन जातात.

मूळ तबकडी दिव्यासमोर धरली,
तर चार ठिकाणी दिवा पलीकडून डोळे मिचकावत होता.
सव्वीस वर्षांचा खारा वारा, दुसरं काय.
आणि तो ओरखडा. तो वाऱ्याचा नाही, तुझा आहे.
सिमेंटच्या पायऱ्यांवरून कुणी घसरवली होती ती?
नाही म्हणू नकोस, आई नाही आता मध्ये पडायला.

बाउदिलिओने भंगारातला एक ड्राइव्ह दिला,
म्हणाला, अडाणी आहे, पण धरलेलं सोडत नाही.
खरंच नाही सोडलं.
ओरखड्यापाशी दोन तास कण्हत बसला,
एकच ओळ पुन्हा पुन्हा गिरवत,
शिक्षा झालेल्या पोरासारखा.
मग सगळं पहिल्यापासून आणखी एकदा वाचायला लावलं.
दोन्ही वेळा बेरीज तीच आली.
मी रात्री दोन वाजता एकटीच टाळ्या वाजवल्या.

जाळायला बसले तो रविवार.
कॉम्प्युटरवरचं बाकी सगळं बंद,
फोन न्हाणीघरात, मिलारायला तंबी,
लाकडी फरशीवर पाय टाकायचा नाही.
तरी एक ट्रक चढाला लागलाच
आणि आपलं पत्र्याचं घर नेहमीसारखं हललं.
एकोणीस मिनिटं. गरम प्लास्टिकचा वास.
मी श्वासही चौपटच घेत होते.

नाव फक्त मधल्या पारदर्शक कड्यावर लिहिलं,
शाई झिरपते रे, उजेडही झिरपतो.
तीन प्रती.
एक इथे गोधड्यांच्या पेटीत, अंधारात.
एक मिलारायकडे.
तिसरी तुला, कालामाला,
तुझ्या खाणीपाशी म्हणे वर्षानुवर्षं थेंब पडत नाही,
तिथे काय गंजणार.

आता खरी गोष्ट.

तो दोरांचा पूल आठवतो?
मध्यावर मशीन अडकायचं,
शिपायाचा एक पाय हवेत, कंदील निळा,
गाण्याचा एकच सूर ठोके घालत राहायचा.
पालथ्या घड्यावर पाणी थांबत नाही म्हणतात,
आपलं मशीन मात्र पालथं घातलं की चालायचं,
पण पुलावर तेही नाही.
तेवढ्यात तू पाव मोडायचास,
आपले तीन तुकडे, आईचा एक,
आणि त्याचा पाय फळीवर पडेपर्यंत
कुणी चावायचं नाही.

काल मिलारायच्या आमारोने नवी तबकडी घातली.
पहिल्या फटक्यात सुरू. मशीन सुलटं.
पूल आला.
तो धावत पार गेला.

ना अडकणं, ना तो सूर.
कंदील निळा असतो हेसुद्धा त्याला दिसलं नसेल.
माझ्या हातात पाव होता, अर्धा मोडलेला.
मिलारायच्याही होता.
आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.
आमारो म्हणाला, मस्त चालतंय, मावशी,
आणि ते खरंच होतं,
एक अक्षर गळलेलं नाही, मी दोनदा तपासलंय.

तर पाकीट मिळालं की कळव.
उन्हात ठेवू नकोस, खालून बोट लावू नकोस.
पुलाच्या मध्यावर आलास
की स्वतःच्या हाताने पॉज दाब, सहापर्यंत मोज.
पाव तुझा तू आण.